विश्लेषण : प्रोबायोटिक जिवाणू आतड्याची ‘भिंत’ खरेच राखतात का?

पुण्याचे सांडपाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुढे नदीच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड तालुका. पावसाळ्यात घरात कुणाला जुलाब सुरू झाले की दोन्हीकडे दहीभात कालवला जातो आणि मेडिकलमधून प्रोबायोटिकची पुडी येते. या पुडीतले जिवाणू पोटात नेमके काय करतात?

ही भिंत कसली?

आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो, त्यावर चिकट श्लेष्माचा लेप. दोन पेशींमधली फट प्रथिनांच्या ‘टाक्यांनी’ शिवलेली असते. पाणी, साखर, क्षार आत जावेत आणि जंतू व त्यांची विषे बाहेर राहावीत, हे तिचे काम. जुलाबाचे अनेक जंतू हे टाकेच उसवतात.

उपयोगी जिवाणू अस्तरावरची जागा अडवतात, आम्ल तयार करून घातक जंतूंची वाढ रोखतात. काही वाण पेशींना संदेश देऊन श्लेष्मा वाढवतात, टाके घट्ट करतात. मोठ्या आतड्यातल्या पेशींचे मुख्य इंधन असलेले ब्युटिरेट मात्र दह्यातले जिवाणू बनवत नाहीत. ते आपल्याच आतड्यातले रहिवासी जिवाणू भाकरी, डाळी, भाज्यांतल्या तंतूंपासून बनवतात.

पुरावा काय सांगतो?

ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने चाचणी घेतली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण सात दिवस दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत जुलाब झालेल्या ९७१ मुलांवरच्या चाचणीत दुसराच वाण दिला, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे प्रश्न ‘प्रोबायोटिक चालते का’ असा नाही. कोणता वाण, कुणाला, कशासाठी, हा आहे.

मग दही?

जरूर खावे. मात्र घरच्या विरजणात कोणते वाण, किती, हे कुणी मोजलेले नसते. ते औषध नव्हे. विकतच्या प्रोबायोटिक पदार्थावर जिवाणूच्या वाणाचे नाव छापलेले आहे का, ते पाहावे.

जुलाबात पहिला उपाय ओआरएसच. भिंत उसवली तरी साखर आणि मीठ जोडीने आत ओढणारी वाट बहुतेकदा चालू राहते, त्यामागोमाग पाणीही जाते. मुलांना सोबत १० ते १४ दिवस झिंक. दोन्ही आशा सेविकांकडे मोफत मिळते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. अशा बाळांमध्ये याच जिवाणूंमुळे गंभीर संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला आहे.