गाव 'नेट झिरो' होणार म्हणजे नक्की काय होणार? राजूरच्या उदाहरणाने समजून घेऊ

'नेट झिरो' हा शब्द तुम्ही इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातीत ऐकला असेल, बातम्यांत वाचला असेल. आता तो ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पोहोचलाय. पण गावाचं नेट झिरो म्हणजे काय, हिशोब कसा करायचा आणि ग्रामपंचायत खरंच काही करतेय की नुसता फलक लावलाय हे कसं ओळखायचं, हे सोप्या भाषेत सांगणारं फार कमी सापडतं. मी राजूरचा, म्हणजे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या राजूर गणपतीचा. म्हणून उदाहरण आपल्याच गावाचं घेतो. आकडे तुम्ही तुमच्या गावाचे टाका, रीत तीच राहील.

नेट झिरो म्हणजे काय?

घरखर्चाची वही डोळ्यांपुढे आणा. एका पानावर खर्च, दुसऱ्या पानावर जमा. वीज, पेट्रोल, गॅस, खत, जनावरं यांतून हवेत जाणारे हरितगृह वायू हा खर्च. झाडं आणि माती जो कार्बन शोषून धरून ठेवतात ती जमा. दोन्ही बाजू समान झाल्या की निव्वळ शून्य, म्हणजेच नेट झिरो.

यात मेख एकच आहे. खर्च कमी न करता नुसती जमा वाढवल्याचं दाखवता येतं. म्हणून खऱ्या आराखड्यात आधी खर्च कमी करायचा असतो आणि जे अजिबात कमी होत नाही, तेवढ्यासाठीच झाडांचा आधार घ्यायचा असतो.

हे कोण कोण करतंय?

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो होण्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रातली ४३ 'अमृत' शहरं त्याच वर्षी 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत उतरली. मुंबई महापालिकेने १३ मार्च २०२२ रोजी आपला हवामान कृती आराखडा आणला. त्यात २०१९ हे पायाभूत वर्ष धरलंय. त्या वर्षी मुंबईने सुमारे २.३४ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू सोडले. पैकी ७० टक्क्यांहून जास्त वाटा इमारतींतल्या वीज-इंधनाचा, सुमारे २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. लक्ष्य आहे २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० मध्ये नेट झिरो.

गावंही मागे नाहीत. केरळच्या वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्येच हे काम हाती घेतलं. त्यांनी आधी मोजणी केली. गाव वर्षाला सुमारे ३३ हजार टन सोडतं आणि त्यातले साधारण ११ हजार टन शोषलेच जात नाहीत, असं निघालं. जम्मूतल्या पल्ली गावात २४ एप्रिल २०२२ रोजी ५०० किलोवॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला २०२४ मध्ये 'कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर साताऱ्यातलं मान्याचीवाडी हे राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. त्यात भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर ग्रामपंचायतींना गुण मिळतात.

हिशोबाला लागणारे मोजके आकडे

हे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सगळे आकडे अंदाजे आहेत, पण गावपातळीच्या हिशोबाला पुरतात.

- ग्रीडची १ युनिट वीज: सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या विजेचा मोठा भाग कोळशापासून बनतो, म्हणून.
- १ लिटर पेट्रोल: २.३ किलो.
- १ लिटर डिझेल: २.७ किलो.
- १४.२ किलोचा गॅस सिलिंडर: ४२ किलोच्या आसपास.
- युरियाची ४५ किलोची एक गोणी: शेतात टाकल्यावर नायट्रस ऑक्साइड निघतो. त्याचा परिणाम साधारण ८५ ते ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका.
- एक गाय किंवा म्हैस: रवंथ करताना मिथेन सोडते. वर्षाला ४० किलो धरला आणि मिथेन २८ पट तीव्र धरला, तर १.१ टनाच्या वर.
- एक वाढलेलं झाड: वर्षाला साधारण २० किलो शोषतं. रोप नव्हे, वाढलेलं झाड.

आता गणित करू

खालच्या संख्या समजुतीसाठी धरल्या आहेत. समजा गावात ३०० जुने पथदिवे आहेत, प्रत्येकी ७० वॉटचे, रोज ११ तास चालतात. वर्षाचे होतात साधारण ५९ टन. सगळे काढून २० वॉटचे एलईडी लावले, तर उरतात १७ टन. म्हणजे ४२ टन वाचले. छान!

पाणीपुरवठ्याची १० अश्वशक्तीची मोटर रोज ६ तास चालली, तर वर्षाला सुमारे १६ हजार युनिट, म्हणजे ११ टनांच्या आसपास. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. तेव्हा साधारण १२ किलोवॉटचं सोलर बसवलं, की वर्षभराची गोळाबेरीज जुळते. यात ग्रामपंचायतीचं बिलही वाचतं, त्यामुळे हे काम कुणालाही पटतं.

आता शेताकडे वळू. समजा गावात वर्षाला ५,००० गोण्या युरिया पडतो. झाले ४४० टन. आणि हजार गाई-म्हशी असतील, तर ११२० टन.

बघितलंत? दिवे आणि मोटर मिळून ७० टन, शेत आणि गोठा मिळून १५६० टन. घरची वीज, गाड्या, शेतीपंप तर अजून धरलेच नाहीत. आराखड्यात सगळ्यात जास्त फोटो मात्र पथदिव्यांचे आणि वृक्षारोपणाचे असतात.

हे १५६० टन फक्त झाडं लावून फेडायचे म्हटलं, तर ७८ हजार वाढलेली झाडं लागतील. तीन-तीन मीटरवर लावली, तरी पावणेदोनशे एकर जमीन हवी. ती आणायची कुठून? म्हणूनच म्हटलं, आधी खर्च कमी करा.

मग शेतकऱ्याला दोष द्यायचा का?

अजिबात नाही. दोन बैल आणि एक म्हैस पाळणाऱ्या माणसाने जग तापवलेलं नाही. पण शेतात अशा काही जागा आहेत जिथे कार्बन आणि पैसा दोन्ही एकदमच वाचतात, आणि आराखड्याने तिथेच जोर लावायला हवा.

पहिली जागा युरियाची. माती परीक्षण करून मका-कपाशीला गरजेपुरतंच खत दिलं आणि पाचातली एक गोणी कमी झाली, तर आपल्या हिशोबात हजार गोण्या वाचल्या. म्हणजे ८८ टन, पथदिव्यांच्या दुप्पट! २६६ रुपये ५० पैशांच्या दराने अडीच लाखांहून जास्त रुपयेही गावात राहिले.

दुसरी जागा शेणाची. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि पाच-सहा माणसांच्या घरचा बराचसा स्वयंपाक त्यावर होतो. उरलेली मळी शेताला जाते. रवंथातला मिथेन याने थांबत नाही, हेही खरं. पण सिलिंडर आणि खत दोन्हींचा खर्च उतरतो.

तिसरी जागा पऱ्हाट्यांची. वेचणी संपली की बांधावर ढीग करून काडी लावायची, ही आपली जुनी सवय. त्याऐवजी यंत्राने बारीक करून मातीत गाडल्या, तर मातीचा कस वाढतो आणि धूरही होत नाही.

चौथी जागा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: शेतीपंपाची वीज. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला, तर ३० युनिट जळतात, म्हणजे २१ किलो कार्बन. पण प्रश्न एवढाच नाही. थ्री फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. माझा चुलतभाऊ जानेवारीच्या थंडीत बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एकला जातो आणि तो परत येईपर्यंत काकूला झोप नसते. साप, विंचू, ओली वायर, यांतलं काय पायाखाली येईल ते सांगता येत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या पडीक जमिनीवर सोलर उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. नेट झिरोबद्दल घरच्यांना सांगायचं झालं, तर मी ध्रुवावरच्या बर्फापासून सुरुवात करत नाही. 'रात्रीचं पाणी बंद होईल,' एवढंच सांगतो. लगेच कान टवकारतात.

राजूरचा खास प्रश्न: भाविकांचं पेट्रोल कुणाच्या खात्यात?

अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनाला जालना, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा अशा सगळ्या बाजूंनी माणसं लोटतात. जालना साधारण २५ किलोमीटर. बाईकने येऊन-जाऊन एक लिटर पेट्रोल जळतं. समजा दहा हजार बाईक आल्या, तर एका दिवसात २३ टन. हा खर्च राजूरचा, जालन्याचा की ज्याच्या त्याच्या गावाचा?

यालाच हद्दीचा प्रश्न म्हणतात आणि प्रत्येक आराखड्याला त्याचं उत्तर आधी द्यावं लागतं. साधारण रीत अशी: हद्दीत जे जळतं ते आपलं, बाहेरून विकत घेतलेली वीजही आपली, आणि आपल्यामुळे बाहेर जे जळतं ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. तो रकाना गाळला, तर तीर्थक्षेत्राचं गाव कागदावर उगाचच स्वच्छ दिसतं. लिहिला, तर उपाय सुचतात: अंगारकीला जादा एसटी, गावाबाहेर पार्किंग आणि तिथून ई-रिक्षा, निर्माल्याचं खत.

आराखडा फोनवर कसा बघाल?

१. ब्राउझरमध्ये 'ई-ग्रामस्वराज' शोधून सरकारी संकेतस्थळ उघडा. 'मेरी पंचायत' हे ॲपही चालेल.
२. राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत निवडा.
३. चालू वर्षाचा मंजूर विकास आराखडा उघडा. कामाचं नाव आणि रक्कम दिसेल.
४. सौर, एलईडी, घनकचरा, सांडपाणी, वृक्षलागवड अशी कामं वेगळी लिहून काढा.

पैशाबद्दल एक गोष्ट माहीत हवी. २०२१-२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. म्हणजे सांडपाणी आणि कचऱ्याची कामं बंधित पैशात बसत होती, सोलरसाठी मोकळ्या पैशाचा विचार करावा लागत होता. घरावरच्या सोलरसाठी वेगळी योजना आहे: पीएम सूर्यघर. त्यात ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं.

खरा आराखडा ओळखायचे चार प्रश्न

- पायाभूत वर्ष कोणतं? सुरुवातीचा आकडाच नसेल, तर घट कशातून मोजणार?
- शेती आणि जनावरं हिशोबात आहेत का? नसतील, तर गावाचा मोठा खर्च वहीतच नाही.
- झाडं किती लावली हे नको, तीन वर्षांनी किती जगली हे सांगा. लोकेशन आणि तारखेसह फोटो काढणं हे काम आपण पोरं मोबाइलवर सहज करू शकतो.
- दरवर्षी आकडे ग्रामसभेत वाचले जाणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे. ग्रामसभेला अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार बसू शकतो, बोलू शकतो आणि आपला मुद्दा इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगू शकतो. मुंबईच्या आराखड्यावर आपलं मत कुणी विचारणार नाही. गावाच्या आराखड्यावर मात्र विचारावंच लागतं. पुढच्या ग्रामसभेला जाताना घरचं वीजबिल, शेजारच्या चार घरांच्या युरियाच्या गोण्या आणि गल्लीतले दिवे एवढं मोजून खिशात ठेवा. हातात आकडा असलेल्या पोराला 'गप बस' म्हणणं जरा अवघड जातं!