अभ्यास करताना गाणी ऐकावीत का?

दहावी-बारावीचं वर्ष आलं की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो, आणि बहुतेक वेळा भांडणासकट येतो. आई म्हणते, कानात बोंडं घालून कसला अभ्यास होतो? मुलगा म्हणतो, गाणी बंद केली की मन लागत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

वाचताना आपण शब्द मनातल्या मनात उच्चारत असतो. वाक्य संपेपर्यंत ते धरून ठेवण्याची मेंदूची क्षमता फार मर्यादित असते. समजणाऱ्या भाषेतलं गाणं सुरू असेल तर त्याचे शब्दही तिथेच घुसतात. मग इतिहासाचं एकच पान तीनदा वाचावं लागतं. "पण मला हे गाणं आवडतं," हेही फारसं टिकत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात क्रमाने लक्षात ठेवण्याच्या कामात आवडतं आणि नावडतं, दोन्ही संगीत शांततेच्या तुलनेत अडथळाच ठरलं. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, ही समजूत १९९३च्या एका अभ्यासातून पसरली. त्यात दिसलेला फायदा आकृत्यांच्या कोड्यांपुरता होता आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरला.

तरी मुलं गाणी का लावतात? सातपूरमध्ये त्याचं उत्तर अनेकदा घरातच सापडतं. दोन खोल्या, शेजारचा टीव्ही, एमआयडीसीचे ट्रक, रात्रपाळी करून झोपलेले वडील. दार लावून बसायची सोय नसते, ती सोय हेडफोन करतो. म्हणून पालकांनो, हेडफोन काढायला सांगण्याआधी टीव्ही बंद करा. त्यातलं बोलणंही गाण्याइतकंच आड येतं.

नवीन धडा किंवा पाठांतर असेल तेव्हा गाणी बंद. वही पूर्ण करणं, आकृत्या काढणं, सरावाची गणितं यांना ती चालतील. गोंगाट झाकायचाच असेल तर तानपुरा, बासरी, नाहीतर सरळ पंख्याचा आवाज बरा. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लगही उपयोगी पडतात. खात्री हवी असेल तर दोन पानं गाण्यासह आणि दोन गाण्याविना वाचा, मग काय आठवतं ते लिहून पाहा.

मला खरी काळजी कानांची वाटते. बाहेरचा गोंगाट वाढला की मुलं हेडफोनचा आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती फक्त ४ तास उरते. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच येते. हातभर अंतरावरून हाक मारली आणि ती ऐकू गेली नाही, तर आवाज जास्त आहे असं समजा.

हेडफोन काढल्यावर कानात शिटीसारखा आवाज येत असेल आणि तो दुसऱ्या दिवशीही राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्रवण चाचणी दुखत नाही. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा.