चौथीच्या वहीतला मुंजा

घरामागच्या पिंपळावर मुंजा बसतो, असे मोठ्या भावाने सांगितले आणि चौथीतल्या मुलाने दिवेलागणीनंतर मागचे दार ओलांडणे सोडले. पहाटे रडत उठतो, आईला बिलगतो. शेजारणीने आणलेला मंतरलेला दोरा मनगटावर आहेच. दवाखान्यात आई विचारते, ‘‘डॉक्टर, याच्या भुताच्या गोष्टी बंदच करू का?’’

सरसकट बंदीची गरज नाही. दोन ते सात वर्षांच्या वयात खरे आणि काल्पनिक यांतली सीमा पुसट असते. नवव्या वर्षी मुलाला फरक कळतो. पण अंधारात पान सळसळले की ॲड्रेनॅलिन उसळते, छाती धडधडते. शरीर वादविवाद करत नाही. म्हणूनच ‘भूतबीत काही नसतं, झोप गुपचूप’ या वाक्याचा उपयोग होत नाही.

आधी एक फरक ओळखावा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळते, डोळे उघडे असूनही कोणाला ओळखत नाही, सकाळी त्याला काही आठवत नाही, ती निद्राभीती. त्याला हलवून जागे करू नये, फक्त इजा होणार नाही हे पाहावे. दुःस्वप्न बहुधा पहाटे पडते आणि मुलाला ते आठवते. जे आठवते, ते लिहिता येते.

वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्या प्रौढांना तज्ज्ञ ते स्वप्न जागेपणी बदलून लिहायला आणि नवे रूप रोज मनात घोळवायला सांगतात. ‘इमेजरी रिहर्सल’ नावाचा हा उपचार आहे. मुलांसाठी घरगुती रूप सोपे. शंभरपानी वही द्यावी आणि विचारावे, मुंजाला भूक लागली की तो काय खातो? पावसात कुठे जातो? मुंज झाली पण लग्न राहिले, असा तो बिचारा मुलगा. भिक्षावळीचे लाडू तरी त्याला मिळाले का? वाट चुकवणारा चकवा स्वतःच हरवला तर? उलट्या पावलांच्या हडळीला चप्पल कोण शिवून देईल? उत्तर मुलाचेच हवे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तूर्त सोडून द्याव्यात; लाल पेन दिसले की मूल ‘माझी शाळा’ निबंध लिहू लागते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पाहताना मुले घाबरतात आणि खदखदून हसतातही. शेवट आपल्या हाती असला, की भीती अशीच हलकी होते. झोपायच्या तोंडावर मात्र लिखाण नको, संध्याकाळी उजेडात बरे.

गोष्ट वाचताना एक कान उघडा ठेवावा. कधी राक्षसाला ओळखीच्या माणसाचा आवाज असतो, तो ठरावीक खोलीतच येतो, ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणतो. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, उलटतपासणीही करू नये. शांतपणे ऐकावे आणि मूल बोलले तर विश्वास ठेवावा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, शाळेला जाईना, झोपेत हातपाय झटके देऊ लागले, किंवा भीती महिनाभर ओसरली नाही, तर वही बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. झटक्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्यावा, निदानाला त्याची फार मदत होते. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, तिथे मराठीतून बोलता येते.