छत उघडं, खिसा रिकामा, मोजे ओले!

खरं सांगू? उघड्या छताची गाडी घेताना मी पावसाचा विचारच केला नव्हता. जालन्याचा माणूस आहे हो मी. आमच्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मनात आलं तर! आमचे लोक पाऊस यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. तो आत आला म्हणून कुणी रडत नाही.

मी रडलो!

सेकंडहँड कन्व्हर्टिबल. कापडी हूड, दोनच दारं, काचेला वरून फ्रेम नाही. पुण्यातल्या सहा वर्षांच्या नोकरीतलं सगळं सेव्हिंग तिच्यात गेलं. (कंपनी कोणती ते विचारू नका. दोष कंपनीचा नव्हताच, कुणाचा ते पुढे कळेल.) गेल्या जूनमध्ये एका शुक्रवारी ऑफिसातून दुपारीच सटकलो. अहिल्यानगर, संभाजीनगर करत बदनापूरपर्यंत छत उघडं, गाणी फुल्ल! बदनापूरला पहिला थेंब नाकावर पडला. हूड लावला, काचा वर केल्या. तरीही जालना ओलांडून अंबड रोडला लागेपर्यंत उजव्या पायातला मोजा चिंब.

घरी पोचलो तर अण्णा अंगणात पावसात उभे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची अर्धी मोसंबी वाळली. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की ते घरात थांबतच नाहीत. मी गाडीवर ताडपत्री टाकताना पुटपुटलो, ‘बंद हो बाबा एकदाचा!’ अण्णांनी ऐकलं. काहीच बोलले नाहीत. बस्स, तेच लागलं.

डोकं कमी, सिलिकॉन जास्त

आता कबुली. हे लीकेज नवं नव्हतं. मे महिन्यात पुण्यात गाडी धुताना काचेच्या कोपऱ्यातून थेंब आले होते. मी सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दिसेल त्या फटीत पिळली. दाराच्या अगदी खालच्या कडेला तीन बारीक भोकं दिसली. म्हटलं, सापडलं! तीही बुजवली. स्वतःवर जाम खूश.

शनिवारी सकाळी जालन्यात एका कुशनवाल्या चाचांकडे गेलो. जीप-जिप्सीचे हूड शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. अण्णाही सोबत आले. ‘ठिबकचं सामान आणायचंय,’ म्हणाले. चाचांनी रबराला हातसुद्धा लावला नाही. नुसतं दार उघडलं, हलवलं. आतून डुचुक-डुचुक आवाज!

‘साहब, ये दरवाजा है या मटका?’

अण्णा खाली वाकले. ‘ही भोकं कुणी बुजवली रे?’

‘मी.’

‘कशापायी?’

‘पाणी येऊ नये म्हणून.’

अण्णा पोट धरून हसले. ‘माझ्या शेततळ्यात पाणी थांबंना, अन् तू दारात साठवू लागला!’

दाराचा फंडा

मंडळी, गाडीचं दार आतून कोरडं नसतं. काचेच्या बाहेरच्या कडेची रबरी पट्टी बरंचसं पाणी निपटून काढते, पण सगळं नाही. उरलेलं काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या भोकांतून रस्त्यावर जातं. भोकं बंद केली की पाणी आत चढतं आणि दाराच्या आतल्या पॅनलमागून तुमच्या कार्पेटवर येतं. म्हणजे जे भोक मी लीकेज समजलो, तेच लीकेजवरचं औषध होतं!

सिलिकॉन खरवडल्याबरोबर दारातून तांब्याभर गढूळ पाणी बाहेर आलं. मग चाचांनी सीटमागची, हूड दुमडून बसतो ती जागा दाखवली. तिच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. माझ्या नळ्यांत काळ्या मातीचा गाळ आणि लिंबाची पानं. मी तार शोधायला लागलो, तर अण्णा म्हणाले, ‘तार घालशील तर नळी फाटंल.’ त्यांनी पिशवीतून ठिबकची मायक्रोट्यूब काढली आणि हळूहळू आत सरकवली. मोसंबीच्या बागेत रोज हेच करतात ते! नळी खळखळून मोकळी झाली.

दहाची नोट

तरी काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येतच होते. चाचांनी दहाची नोट रबर आणि काच यांच्यात ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. सगळीकडे ती अडकत होती. पुढच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटून आली. काच पूर्ण वर चढतच नव्हती!

कारण? एप्रिलमध्ये मी बॅटरी बदलली होती. अशा बिनफ्रेमच्या काचा दार उघडताना किंचित खाली येतात आणि दार लागलं की पुन्हा वर जाऊन रबरात बसतात. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्या ही हद्दच विसरतात. मॅन्युअल काढलं. काच वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरायचं, एवढंच! खर्च शून्य रुपये. उन्हाने कडक झालेलं रबर धुऊन, वाळवून त्याला सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली नाही हं. दाराचं रबर बहुतेक ईपीडीएमचं असतं, ते तेलाने फुगतं.

तुमच्यासाठी टिप्स

– पाणी ओतून टेस्ट करताना खालून वर जा. एक जण आत टॉर्च घेऊन बसू दे. वरून सुरुवात केलीत तर पाणी नेमकं कुठून येतंय ते कळणारच नाही.

– पावसाळ्याआधी दाराखालची भोकं मोकळी आहेत ना, बघा.

– सनरूफ असेल तर त्याच्याही कोपऱ्यांत नळ्या असतात. छतातून टपकलं तर काचेला दोष देण्याआधी त्या तपासा.

– कार्पेट नुसतं पुसू नका. उचलून खालचा स्पंज उन्हात वाळवा. वास तर येतोच, शिवाय तिथे वायरिंगही असतं.

– सिलिकॉनची ट्यूब सगळ्यात शेवटी. जमलं तर कधीच नाही!

रविवारी दुपारी पुन्हा भरून आलं. अंगणात वाळत घातलेलं कार्पेट आधी धावत जाऊन आत घेतलं. मग मी गाडीत बसलो. शेजारची सीट रिकामी होती. अण्णा आजवर या गाडीत आपणहून बसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी स्वतः दार उघडलं, टोपी झटकली आणि बसले. हूडवर ताशा वाजावा तसा पाऊस. आत एक थेंब नाही. मी काच खाली घेऊन वाकून बघितलं. दाराखालून पाण्याच्या तीन बारीक धारा व्यवस्थित मातीत पडत होत्या.

‘थांबतोय का बघ,’ अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

‘पडू दे अण्णा,’ मी म्हटलं. ‘तळं भरायचंय अजून.’