खोडदचं घड्याळ

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांच्या वर रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या डोकावू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. जवळ जाऊन वर पाहावं तर पत्रा नाहीच. तारांची जाळी, आणि जाळीतून चक्क आभाळ. ही दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांची काटकसर. मीटरभर लांबीच्या लहरी जाळीवरून परततात, वारा मात्र आरपार जातो. ऐंशीच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी रेडिओ गोंगाट नसलेला, डोंगराआडचा मुलूख शोधत होती. तो जुन्नर तालुक्यात सापडला. ३० तबकड्या, २५ किलोमीटरचा पसारा. लोकार्पण २००१ मध्ये.

विज्ञान दिनाला इथे जत्राच भरते. ‘यातून दिसतं काय?’ हा पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. डोळा लावायला जागाच नाही! इथे येतात त्यातल्या पुष्कळ लहरी इलेक्ट्रॉननी धाडलेल्या असतात. दूरच्या दीर्घिकांतल्या चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉननी. एवढ्या वेगाला काळ मंदावतो, आणि या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तो काही हजार पटींनी मंदावलेला असू शकतो. आपल्या तालुक्याच्या मापाने सांगायचं तर नाणेघाटातला सातवाहनांचा लेख कोरून दोन हजार वर्षं उलटली; तेवढ्यात अशा एखाद्या इलेक्ट्रॉनच्या घड्याळात सहा-आठ महिने सरले असतील.

पण त्या इलेक्ट्रॉनचं घड्याळ वाचणार कसं? टिकटिक करणारं काहीतरी हवं. ते २००४ मध्ये मिळालं. एनजीसी १८५१ या तारकागुच्छात खोडदच्या दुर्बिणीला एक पल्सार सापडला, स्वतःभोवती सेकंदाला सुमारे २०० फेऱ्या घेणारा आणि दर फेरीला रेडिओ ठोका देणारा तारा. जोडीदार ताऱ्याभोवती तो १८.८ दिवसांत फिरतो, तेही फार लांबट कक्षेत. जोडीदाराजवळ आला की सेकंदाला शेकडो किलोमीटर धावतो. प्रकाशापुढे हे काहीच नाही, हजारावा भागही नाही. तरी त्या धावेने आणि जोडीदाराच्या गुरुत्वाने त्याची टिकटिक जराशी रेंगाळते. दुर्बिणीचं नूतनीकरण झाल्यावर २०१९ च्या अभ्यासात ही रेंगाळ मोजली गेली, आणि तिच्या आधारे दोन्ही ताऱ्यांची वजनं निघाली. मला या दुर्बिणीच्या कामांत हे सर्वांत देखणं वाटतं. २०२३ मध्ये पल्सारांच्या ठोक्यांवरून गुरुत्वलहरींची चाहूल लागल्याची बातमी गाजली, तिच्यातही खोडदची निरीक्षणं होती. पण तिथे वाटेकरी पुष्कळ.

एक हिशेब मात्र दोन्हीकडे आधी चुकता करावा लागतो: खोडदच्या घड्याळाचा. पृथ्वीही सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावतेच की. जानेवारीत ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, वेगही सर्वांत जास्त. म्हणजे नारायणगावात द्राक्षांत साखर भरत असते, तेव्हा तिथलं घड्याळ वर्षातल्या सर्वांत मंद चालीने चालतं. वर्षभरात हा फरक दीड मिलिसेकंदाच्या वर साचतो आणि पुन्हा फिटतो. पल्सारवाले तो आधी वजा करतात, मग ठोके मोजायला बसतात.