पिंगुळीचं गणगोत

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या बादशहाचं आरमार दक्षिणेकडचे समुद्र पालथे घालत होतं. झंग हे हा त्याचा सरदार. त्याच्या ताफ्यात मा हुआन नावाचा एक दुभाष्या होता आणि पाहिलेलं टिपून ठेवायची त्याला चांगली खोड होती. जावा बेटावर त्याला एक माणूस दिसला. जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात कागदाची गुंडाळी, तिच्यावर रंगवलेली माणसं, पाखरं, जनावरं. गुंडाळीचा एकेक भाग उलगडून तो लोकांसमोर धरायचा आणि खड्या आवाजात त्याची गोष्ट सांगायचा. भोवती कोंडाळं करून बसलेले लोक मध्येच हसायचे, मध्येच डोळे पुसायचे. भाषा परकी होती, पण मा हुआनला प्रकार ओळखीचा वाटला. असे कथेकरी त्याच्याही मुलखात होते.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात हे वर्णन कोणी वाचून दाखवलं, तर ऐकणाऱ्यांना तेही घरचंच वाटेल. फरक इतकाच, की पिंगुळीत गुंडाळी नसते, सुटी पानं असतात.

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना पिंगुळी माहीत असते ती राऊळ महाराजांच्या मठामुळे. त्याच गावातल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची घरं आहेत. ठाकर ही अनुसूचित जमात. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, राधानृत्य, पांगुळ अशा कलांवर आणि त्या सादर करून मिळणाऱ्या बिदागीवर या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली. सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला, कोणत्या देवळात कोणी कथा लावायची याचे मान ठरवून दिले. शिवाजी महाराजांच्या काळात आपले पूर्वज खेळ दाखवत फिरायचे आणि येताना शत्रूच्या मुलखातल्या बातम्या घेऊन यायचे, असंही ठाकर मंडळी सांगतात. त्याला कागदाचा पुरावा मागू नये. पण घरोघर, गावोगाव बिनदिक्कत शिरकाव असलेला कलावंत हेरगिरीला किती सोयीचा, हे कोणालाही पटेल.

परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ मध्ये याच वाडीत आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. नाव ठेवलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. संग्रहालय म्हटल्यावर काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’च्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. इथे जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं मांडलेली आहेत खरी, पण खरा ऐवज म्हणजे ती वापरणारी माणसं. गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आता घरातली पुढची पिढी चित्रं काढते, बाहुल्या नाचवते, आलेल्या पाहुण्यांना कथा ऐकवते. शाळांच्या सहली येतात, कलाशाखेचे आणि डिझाइनचे विद्यार्थी येतात, परदेशी अभ्यासक येतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागानं इथल्या चित्रकथीची नोंद करून ठेवली आहे.

चित्रकथी म्हणजे काय, हे ती ऐकल्याशिवाय नीट समजत नाही. एका आख्यानाची सगळी चित्रं मिळून एक पोथी होते. पान साधारण फूटभर उंच आणि त्याहून थोडं जास्त रुंद. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक पान उलटलं की लगेच पुढचा प्रसंग. मुख्य कथेकरी पोथी पुढ्यात घेऊन बसतो. वीणा, टाळ आणि हुडूक ही साथीची वाद्यं. कथेची सुरुवात गणपतीच्या आवाहनानं. मग पहिलं पान उभं राहतं आणि गाणं सुरू होतं. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये निरूपण, निरूपणात संवाद, संवादात आवाज बदलून बोलणारा राक्षस, हनुमान, सीता. साथीदार शेवटची ओळ उचलतात, हुंकार देतात, कधी कथेकऱ्याला प्रश्न विचारून अडवतातही. बोट चित्रावर फिरत असतं. पान बदलण्याची वेळ हा यातला सगळ्यात नाजूक भाग. लवकर बदललं तर प्रसंग वाया जातो, उशीर झाला तर श्रोता चित्र बघून संपवतो आणि शेजाऱ्याशी बोलायला लागतो.

चित्रं या कामासाठीच घडलेली आहेत. माणसं बहुधा एका बाजूनं दिसणारी, डोळे टपोरे, नाक धारदार, अंगावर दागिने भरगच्च. रथ, धनुष्य, बाण एवढ्या ठसठशीत रेषेत, की समईच्या उजेडात मागच्या रांगेतल्या माणसालाही कोण कोणाला मारतोय ते कळावं. पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. डोंगर, नदी, आकाश यांची भरती करायचं कारणच नाही, ते गाण्यात येतं. म्हणून ही चित्रं भिंतीवर टांगली, की काहींना ती अपुरी वाटतात. अपुरीच आहेत. उरलेली अर्धी बाजू आवाजात आहे.

आख्यानं रामायण-महाभारतातली. पण वाल्मीकी आणि व्यास यांच्यावर सगळा भार टाकलेला नाही. अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन अशी लोकांच्या तोंडी वाढलेली आख्यानं कथेकऱ्यांना जास्त आवडतात, कारण त्यांत युद्धं, माया, वेषांतर आणि विनोद यांना भरपूर वाव. पोथी ही पूजेची वस्तू. नवरात्रात देवळात कथा लावणं हा कार्यक्रम नव्हे, ते देवाचं देणं. पोथी जीर्ण झाली, की ती पाण्यात सोडायची रीत होती. संग्रहालयवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल. पण पान विरलं तरी आख्यान पाठ आहे आणि पान पुन्हा काढता येतं, असा त्यामागचा रोकडा हिशेब.

पाण्यात न गेलेल्या पोथ्या दूर गेल्या. पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहात अशा चित्रांचा मोठा साठा आला. काही चित्रं पैठण भागातून मिळाली, म्हणून सबंध शैलीलाच ‘पैठण चित्रं’ म्हणायची पद्धत पडली आणि पिंगुळीचं नाव बराच काळ मागे राहिलं. पुढे अभ्यासकांचं लक्ष गेलं. अॅना दल्लापिकोला यांचा जर्मन भाषेतला ग्रंथ १९८० चा, तोही पैठणच्याच नावानं. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांचा पिंगुळीच्या चित्रांवरचा दीर्घ लेख १९८४ मध्ये ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी चित्रांइतकंच कथनाला महत्त्व दिलं. त्याआधीच, १९७७ मध्ये, मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ हा लघुपट केला होता. छापील ग्रंथांना जे जमत नाही ते कॅमेऱ्याला जमलं. पान आणि गळा एकत्र टिपले गेले.

या सगळ्या अभ्यासाचा एक धागा मालवणातून निघतो आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ६ जुलै १८३७ रोजी मालवणला जन्मले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले, आणि त्यांच्या नावाची पुण्यातली संस्था जगभरच्या अभ्यासकांची पंढरी ठरली. १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्यांनी व्याकरणकार पतंजलीच्या काळाचा प्रश्न हाती घेतला. त्याच्या महाभाष्यातली व्याकरणाची साधी उदाहरणं, यवनांनी साकेताला घातलेला वेढा, पुष्यमित्रासाठी चाललेला यज्ञ, यांवरून त्यांनी मांडलं, की या ग्रंथाचा तिसरा अध्याय इसवी सनापूर्वी १४४ ते १४२ च्या दरम्यान लिहिला गेला असावा.

आणि गंमत अशी, की त्याच तिसऱ्या अध्यायात पतंजली एक व्याकरणी शंका काढतो. कंस तर कधीच मेला, मग ‘कंसाला मारवतो’ असं वर्तमानकाळात कसं म्हणायचं? उत्तर देताना तो तिघांची उदाहरणं देतो. खेळ करून दाखवणारे शौभिक डोळ्यांसमोर कंस मारतात. चित्रांतही उगारलेले आणि पडणारे घाव दिसतात, कंसाला फरफटत नेताना दिसतं. आणि कथा सांगणारे ग्रंथिक नुसत्या शब्दांनी तेच करतात. खेळ, चित्र आणि कथन, तिन्ही एका परिच्छेदात. पतंजलीनं पिंगुळीसारखी कथा पाहिली होती, असा निष्कर्ष यातून काढणं धाडसाचं होईल. पण चित्र दाखवून भूतकाळ वर्तमानात आणायचा, ही कल्पना त्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावी लागत नव्हती, एवढं नक्की. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाची दखल घेतो. १९२९ मध्ये आनंद कुमारस्वामींनी चित्र दाखवत फिरणाऱ्यांच्या अशा विखुरलेल्या नोंदी एका लेखात गोळा केल्या.

मग आला व्हिक्टर मेअर. चिनी साहित्याच्या या अमेरिकन प्राध्यापकाचं ‘पेंटिंग अँड परफॉर्मन्स’ हे पुस्तक १९८८ मध्ये हवाई विद्यापीठानं काढलं. मेअरचं म्हणणं असं, की चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत भारतातून बौद्ध भिक्षूंबरोबर मध्य आशियात आणि चीनमध्ये गेली, आणि तिचे भाऊबंद इराणपासून जपानपर्यंत पसरले. चीनच्या दुनहुआंग गुहांतून मिळालेली एक गुंडाळी आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या एका बाजूला शारिपुत्राच्या वादविजयाची चित्रं, मागच्या बाजूला पद्य. चित्र लोकांकडे, मजकूर सांगणाऱ्याकडे. जपानच्या वाकायामा भागातल्या दोजोजी मंदिरात भिक्षू आजही गुंडाळी उलगडून, प्रेमात नागीण झालेल्या कियोहिमेची कथा भाविकांना सांगतात आणि मधूनमधून हसवतातही. इराणमध्ये मोठ्या पडद्यावर करबलाचे प्रसंग रंगवून पडदेखान काठीनं दाखवत जातो. मा हुआननं पाहिलेला जावाचा प्रकार ‘वायांग बेबेर’ म्हणून ओळखला जातो. पाचितानकडच्या जुन्या गुंडाळ्या आता फार थोड्या उरल्या आहेत. आपल्याकडे राजस्थानची फड आणि बंगालचे पटुआ याच घराण्यातले. सगळ्याचा उगम भारतातच, हे मेअरचं मत सर्वांनी जसंच्या तसं स्वीकारावं असं नाही. दोन ठिकाणी दोन कथेकऱ्यांना स्वतंत्रपणेही ही युक्ती सुचू शकते. नात्याचा पुरावा मात्र त्यानं भरपूर मांडला.

पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचे सोयरेही असेच लांबलांब आहेत. कर्नाटकाचं तोगलु गोंबेयाट, आंध्रचं तोलु बोम्मलाट, केरळचं तोलपावकूत्तु, जावाचं वायांग कुलित, कंबोडियाचं स्बेक थोम. जावाच्या छायाखेळाला राजदरबार मिळाला, विद्यापीठं मिळाली, २००३ मध्ये युनेस्कोची मोहोर मिळाली. पिंगुळीला गोठा मिळाला, तोही घरच्यांनीच रिकामा करून दिलेला.

पद्मश्रीनंतर पिंगुळीची चित्रं चांगली खपू लागली आहेत. पिशव्या, कपडे, भिंतीवरच्या चौकटी यांवर टपोऱ्या डोळ्यांचे राम-रावण दिसतात. त्याला नाक मुरडणं सोपं आहे. पण घर चालवायला पैसा लागतो आणि चित्रातून तो येतो. धोका वेगळाच आहे. वारली चित्रांचं काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. लग्नातला चौक आणि त्याबरोबरची गाणी मागे राहिली, आकृत्या तेवढ्या साडीवर चढल्या. चित्रकथीतही चित्र काढायला शिकणारे मिळतील. पूर्ण आख्यान गळ्यावर असलेले, पान केव्हा उलटायचं हे कळणारे मिळतील का, हा प्रश्न आहे. चित्र विकत घेता येतं, आख्यान नाही. ते बसून ऐकावंच लागतं, आणि ऐकायला कोणी नसेल तर पाठ करायचं तरी कशाला?

विद्यापीठांचा हात इथेच लागायला हवा. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, सिंधुदुर्गातली महाविद्यालयं त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. परंतु लोककलावंताचं विद्यापीठाशी नातं बहुधा एकाच दिशेनं चालतं. कलावंताला सभागृहात बोलवायचं, वीस मिनिटं द्यायची, शाल-श्रीफळ, फोटो, पुढचा वक्ता. चित्रकथीला वीस मिनिटं म्हणजे गणपती उभा राहून कथेला हात लागेपर्यंतचा वेळ. वर्ग अंगणात नेला, आधी अभ्यासकानं दुनहुआंग आणि जावाविषयी बोलावं, मग ठाकरांनी सबंध आख्यान लावावं, तर विद्यार्थ्यांना आशियाचा सांस्कृतिक इतिहास एका संध्याकाळी कानानं कळेल. दोजोजीचा एखादा कथेकरी आणि पिंगुळीचा कथेकरी एका ओट्यावर बसवणं विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाला अगदीच न झेपणारं काम नाही. मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या महाविद्यालयांनी इतिहास आणि मराठी विभागांमार्फत निदान वर्षाला एक आख्यान पूर्ण ध्वनिमुद्रित करून, शब्द उतरवून ठेवलं, तरी दहा वर्षांत दहा आख्यानं हाती राहतील. भांडारकरांच्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

कुडाळला उतरलात किंवा मालवणला समुद्र बघायला निघालात, तर पिंगुळीसाठी अर्धा दिवस काढा. आधी कळवून जा, म्हणजे साथीदार जमवता येतील. चित्र घ्यायचं तर जरूर घ्या, पण त्याआधी एक आख्यान लावायला सांगा, त्याची योग्य बिदागी द्या आणि शेवटच्या आरतीपर्यंत उठू नका.