फोनवरचा माणूस आणि समोरचा माणूस



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या की गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात एक काळजी हमखास निघते. "पोरगी रात्री उशिरापर्यंत फोनवर कुणाशी तरी बोलते. न भेटता जीव जडतो तरी कसा?" आज त्यावरच बोलू या.

न भेटता जीव जडतो, आणि त्याला कारण आहे. समोरासमोर बोलताना एकाचा प्रश्न संपतो आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होतं, त्यात पापणी लवेल एवढाच वेळ जातो. २००९ साली दहा भाषांमधल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा वेळ सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा निघाला. एवढ्यात कुणाला सजवून बोलता येत नाही. अडखळणं, नजर चुकवणं, आवाज चढणं सगळं दिसतं. फोनवर मात्र उत्तराला अर्धा तास मिळतो. लिहायचं, पुसायचं, गोड करून पाठवायचं. फोटोसुद्धा दहांतला एक निवडायचा.

उरलेलं आपण भरतो. जोसेफ वॉल्थर नावाच्या अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्येच हे मांडलं. समोरच्याची माहिती थोडी असली की रिकाम्या जागा आपण आपल्या आवडीने भरतो, म्हणून न पाहिलेला माणूस कधी कधी पाहिलेल्यापेक्षा जवळचा वाटतो. म्हणजे पोरीला वाटणारी ओढ खोटी नसते. पण त्या माणसाचं अर्धं चित्र तिनेच रंगवलेलं असतं.

मग आपले कांदेपोहे बरे का? तिथेही दोन्ही घरं सजूनच बसलेली असतात. घरभर पाहुणे, मुलगी मान खाली घालून, आणि अर्ध्या तासात आयुष्याचा निर्णय. जिला तिथे तोंड उघडता येत नाही, तीच फोनवर विचारू शकते, "लग्नानंतर मी पाताळगंगा एमआयडीसीतली नोकरी चालू ठेवली तर चालेल ना?" हा फोनचा मोठा गुण आहे.

थोडक्यात, फोनवर विचार कळतात आणि भेटीत वागणं कळतं. चहा आणून देणाऱ्या पोराशी तो कसा बोलतो, सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्यावर खेकसतो का, आपण "नाही" म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे मेसेजमध्ये उमटत नाही.

म्हणून मुलींनो, कुणी आवडलं तर महिनोन्‌महिने नुसतं लिहीत बसू नका. आधी फोनवर बोला, मग व्हिडिओ कॉल, मग भेट. भेट दिवसा आणि माणसांच्या वर्दळीत. मोहोपाड्याच्या बाजारात सगळे ओळखीचे म्हणून पनवेल गाठणार असाल, तर मैत्रिणीला जागा आणि वेळ सांगून जा. अठराच्या आतल्या मुलीने घरचं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय जायचंच नाही. व्हिडिओ कॉल टाळणारा, भेट ठरली की दर वेळी अडचण सांगणारा माणूस असेल तर तिथेच थांबा. पैसे आणि खासगी फोटो कुणालाच पाठवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबर लावा. परवानगीशिवाय खासगी फोटो पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. कुणी तशी धमकी दिली तर मेसेज पुसू नका, ते घेऊन पोलीस ठाण्यात जा.

आता आयांसाठी. फोन हिसकावून घेतल्याने ओढ कमी होत नाही, फक्त तुम्हाला कळायचं बंद होतं. फसवणारा माणूस याच भीतीवर जगतो. "तुझ्या घरी सांगेन," एवढं त्याला पुरतं. पण ज्या घरात पोरीने आधीच सांगितलेलं असतं, तिथे ही धमकी चालत नाही. तेव्हा आज रात्री पोरीजवळ बसा आणि रागावल्याशिवाय विचारा, "त्याला भेटलीस का गं? वागायला कसा वाटला?" आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.